अकराचा फोन

शाळेत नोकरी करायची म्हणजे जन्मभर मोजून घ्यायची तयारी ठेवावी लागते. पट मोजतात, खिचडीचे तांदूळ मोजतात, लावलेली झाडं मोजतात आणि त्यातली जगली किती तेही मोजतात. मला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. पगार देणारा मोजणारच. पण ज्या दुष्काळी वर्षी ‘शिक्षक वर्गात तंत्रज्ञान किती आणि कसं वापरतात’ हे मोजायला जिल्ह्याहून माणसं निघाली, त्या वर्षी माझं डोकं फिरलं. गावाला पाणी टँकरचं. दिवसा लाईट आली तर देव पावला म्हणायचं. कपिलधारचा धबधबासुद्धा दगडाला ओल दाखवण्यापुरता उरला होता, आणि इकडे आम्हाला विचारणार होते की पाऊस कसा पडतो ते तुम्ही मुलांना पडद्यावर दाखवता का.

आमचं गाव वडवणीपासून आत, डोंगराच्या अंगावर. शाळा सातवीपर्यंतची. सहावी-सातवीचा एकत्र वर्ग माझ्याकडे होता. गावाला दोन सहकारी संस्था माहीत. एक शाळेच्या भिंतीला भिंत लावून असलेली दूध संस्था, दुसरा दूरवरच्या पाण्याच्या मुलखातला साखर कारखाना. एक रोज सकाळी गावातलं दूध न्यायची, दुसरा दिवाळीनंतर गावातली माणसं न्यायचा. त्या वर्षी दूध आटलं. माणसं मात्र नेहमीपेक्षा जास्त गेली, आणि एरवी न जाणारेही गेले. नवरा-बायको ऊस तोडायला गेले की पोरंही त्यांच्याबरोबर जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गात पाय ठेवला तेव्हा निम्मी बाकं रिकामी होती. दरवर्षी असतात. दरवर्षी मला तितकाच संताप येतो, त्याला मी काही करू शकत नाही.

दूध संस्थेनं चांगल्या सालात शाळेला एक मोठा टीव्ही घेऊन दिला होता. सभासदांनी एकमतानं ठराव करून दिलेला, त्यामुळे गावाला त्याचा फार अभिमान. आमच्या मुख्याध्यापक गुरुजींनी त्याला फुलाफुलांची चादर शिवून घेतली होती. खंडेनवमीला कोयत्या-विळ्यांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. हळदीकुंकवाचा एक ठिपका काचेच्या कोपऱ्यात कायमचा बसलेला होता. पडद्यावर भारताचा नकाशा लावला की तो ठिपका नेमका अरबी समुद्रात यायचा.

सातवीत एक मुलगी होती. वाचनात तिच्यासारखं कुणी नव्हतं, पण घाई फार. मागं कुत्रं लागल्यासारखी वाचायची, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट गिळायची. ‘शेवटचा शब्द काय पोटात ठेवतेस का गं?’ असं मी तिला रोज म्हणायची आणि ती रोज हसायची. त्या वर्षी तिला आई-बापाबरोबर जावं लागणार हे मला कळलं तेव्हा ट्रक भरत होते तिथं मी जाऊन उभी राहिले. तिचा बाप ताडपत्री आवळत होता.

“गावात हंगामी वसतिगृह आहे. तिचे आजोबा घरी आहेत. पोरीला ठेवा इथं,” मी म्हटलं.

“घरात बाईमानूस न्हाई मॅडम. आबा दिवसभर शेळ्यांमागं. वाढती पोरगी कुनाच्या भरवशावर ठिवू? अन् आमी दोगं उसाच्या फडात गेल्यावर धाकटं लेकरू कोन बगंल?”

“आणि तिकडं पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवणार?”

त्यानं ताडपत्रीची दोरी तेवढी जास्त जोरानं ओढली. ट्रक निघताना भांड्यांच्या आणि सरपणाच्या ढिगावरून ती ओरडली, “मॅडम, पुस्तक घेतलंय. फोन करते मी!” मी हात हलवला. अशी आश्वासनं मी पुष्कळ ऐकली होती.

तिनं मात्र फोन केला. आई-बाप पहाटे काळोखात फडात जायचे आणि ती धाकट्या भावाला घेऊन कोपीवर राहायची. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची आणि चटईची खोपटी, आत वाकून शिरायचं. पोरगी एकटी असते म्हणून घरातला एकुलता एक फोन बाप तिच्यापाशी ठेवून जायचा. भाकरी थापून, भावाला खाऊ घालून, त्याला झोळीत झोपवलं की साधारण अकरा वाजायचे. तेव्हा ती मला फोन लावायची. संध्याकाळी बाप आला की फोन त्याचा आणि मुकादमाचा. म्हणजे तिची शाळा अकराला भरायची आणि भाऊ उठला की सुटायची.

मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करायची. गणित घातलं की तीही तिकडं सोडवायची आणि इकडची पोरंही. आधी उत्तर कुणाचं येतं यावर चुरस लागायची. ती कशावर लिहिते असं एकदा विचारलं, तर म्हणाली, “भुईवर, मॅडम. पुसायला बी सोपं.” मग ती धडा वाचायची. मी शेवटचे शब्द तिच्या पोटातून ओढून काढायची. रिकामी बाकं रिकामीच होती, पण त्या अर्ध्या तासात वर्ग भरल्यासारखा वाटायचा. खरं सांगायचं तर त्या दुष्काळात मी शाळेत जायची ती या अर्ध्या तासासाठी.

संक्रांतीच्या आधी मोजणारे साहेब आले. तरुण होते, आमच्याच जिल्ह्यातले. मोटारसायकलवरून येताना धुळीनं पांढरे झाले होते. पाण्याचा तांब्या पुढे केला तर अर्धाच प्यायले, कारण वाटेत त्यांनी टँकरसमोरची रांग पाहिली होती. म्हणजे माणूस वाईट नव्हता. त्यांच्याजवळ एक टॅब होता आणि त्यात प्रश्न. पडदा किती वेळ वापरला, तो धड्याशी जुळला का, मुलांनी स्वतः साधन हाताळलं का, असं बरंच काही. प्रत्येक प्रश्नाला गुण, आणि शेवटी शाळा कुठल्या पायरीवर बसते ते टॅबच सांगणार.

गुरुजींनी सकाळपासून टीव्हीची चादर काढून ठेवली होती आणि बटणाकडे डोळे लावून बसले होते. लाईट आली नाही. साहेब मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर अपूर्णांक शिकवत राहिले. ते अधूनमधून काळ्या टीव्हीकडे बघायचे आणि टॅबवर बोट टेकवायचे.

अकरा वाजले आणि माझा फोन वाजला.

पोरं सरसावून बसली. साहेब वर्गात आहेत हे पोरं विसरली, आणि मीही फारसं लक्षात ठेवलं नाही. मी फोन उचलला, टेबलावर ठेवला, गणित घातलं. त्या दिवशी तिचं उत्तर आधी आलं. मग ती धडा वाचू लागली, मागून कोंबडा आरवला आणि तिचा भाऊ रडायला लागला तसा आम्ही धडा आवरता घेतला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फोन बंद झाल्यावर ते उठून माझ्याजवळ आले.

“मॅडम, वर्गात शिक्षकानं स्वतःचा मोबाईल वापरायला मनाई आहे. तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत आहे. पण हा मोबाईल नाही साहेब. ही सातवीतली विद्यार्थिनी आहे. हजेरी घ्या तिची.”

ते कसनुसं हसले. “मला पटतंय हो. पण इथं एकच प्रश्न आहे, शिक्षकाचा मोबाईल वर्गात वापरात होता का. होय किंवा नाही.” आणि त्यांनी ‘होय’वर बोट टेकवलं. तेवढ्यानं आमचे होते नव्हते ते गुणही गेले. टॅबनं शाळा सगळ्यात खालच्या पायरीवर बसवली. जाताना साहेब म्हणाले, काही आठवड्यांनी पुन्हा मापन होईल, तोवर सुधारणा करा. मी काय सुधारायचं ते मला कळेना.

पाठोपाठ सूचना आली, की घंटेआधी सगळ्या शिक्षकांचे मोबाईल कार्यालयाच्या कपाटात जमा करावेत. आमचे गुरुजी निवृत्तीला आलेले. अख्ख्या नोकरीत एक ठपका नाही, एक लाल शेरा नाही, आणि नसावा हीच त्यांची मोठी धडपड. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यापुढे हात केला.

“गुरुजी, अकराला तिचा फोन येतो.”

“मला माहीत आहे मॅडम.”

“मग?”

“नियम आहे. मी काय करू?”

मी त्यांना नको ते बोलले. तुमचा स्वच्छ नोकरीचा कागद मढवून भिंतीला लावा म्हणाले, दसऱ्याला त्याचीही पूजा करा म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, फोन कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

अकरा वाजले. कार्यालय आणि माझा वर्ग यांच्यात एकच भिंत. कपाटातून फोन वाजायला लागला. पत्र्याच्या कपाटात तो आवाज असा काही घुमत होता की शेवटच्या बाकापर्यंत यावा. पोरं माझ्याकडे बघत राहिली. मी फळ्याकडे तोंड केलं आणि काय लिहिलं ते देव जाणे. रिंग बंद झाली. मला वाटलं, संपलं. मग पुन्हा वाजायला लागली. आणि मध्येच तुटली.

गुरुजींनी कपाट उघडून फोन घेतला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा त्यांच्या एका हातात त्यांचा स्वतःचा फोन होता, त्याच्या पाठीवर कागद चिकटवून त्यांनी वळणदार अक्षरात ‘शाळा’ असं लिहिलेलं. दुसऱ्या हातात एक लांब वायर.

“हा फोन मी शाळेला दिला,” ते म्हणाले. “आता हा कुणाचा स्वतःचा नाही. आणि पोरीला हाच नंबर सांगितलाय.”

“आणि वायर कशाला?”

“दूध संस्थेचा भोंगा पडून आहे. शिक्षकाचा मोबाईल नको असं लिहिलंय मॅडम. भोंगा नको असं कुठंच लिहिलेलं नाही.”

मी आदल्या दिवशी त्यांना जे बोलले होते ते परत घ्यायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “अकरा वाजत आलेत.”

दूध संस्थेचा भोंगा म्हणजे माप सुरू झाल्याची आणि दुधाचा पगार आल्याची हाक देणारा. दूधच नाही तर हाक कुणाला देणार? सचिवानं तो आनंदानं दिला, वर बॅटरीही दिली. भोंगा संस्थेच्या छपरावरच राहिला, नुसतं तोंड शाळेकडे फिरवलं. फोनमधून वायर निघाली ती खिडकीतून भिंतीवरून तिकडे गेली. अकराला तिनं “मॅडम, हजर” म्हटलं, ते सगळ्या आळीनं ऐकलं.

हंगामात गावात उरतात ती म्हातारी माणसं. दूध संस्थेसमोर लिंबाचं झाड आहे आणि त्याखाली रिकाम्या दुधाच्या किटल्या पालथ्या घालून ठेवलेल्या होत्या. आधी दोघं-तिघं सहज येऊन त्यांच्यावर बसले. मग अकराला सगळ्याच किटल्या भरायला लागल्या. त्या कारखान्यावरची गावातली आणखी पोरंही तिच्या कोपीवर गोळा होऊ लागली, आणि प्रत्येकाला दोन-दोन ओळी वाचायच्या असायच्या. नातवाचा आवाज आला की एखादी म्हातारी पदर तोंडाला लावायची. टँकर अकराला आला तर ड्रायव्हरही इंजिन बंद करायचा, कारण नाहीतर म्हातारे त्याच्या अंगावर जायचे. “गप कर बे ते खटारं, पोरं वाचायलीत!”

तिचे आजोबा शेळ्या घेऊन यायचे. गावात तेवढ्याच शेळ्या धड उरल्या होत्या, बाकीची जनावरं चारा छावणीत. उंच, वाळलेले, बोलणं कमी. ते लिंबाखाली पार कडेच्या किटलीवर बसायचे आणि शेळ्या त्यांच्याभोवती. नात वाचायला लागली की मान खाली घालून जमिनीकडे बघत राहायचे. शाळेच्या दारात मात्र कधी आले नाहीत. एकदा मला वाटेत गाठून म्हणाले, “बाई, एक सांगू का? पोरगी लई जोरात वाचती. घसा सुकंल तिचा. एवढ्या लांबून आवाज हितवर आनायचा म्हंजे लेकराला किती वरडावं लागत आसंल. जरा थोडं थोडं वाचू द्या.”

मी त्यांना भोंगा समजावून सांगितला. तिकडं ती हळूच बोलते, मोठं इथं होतं, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, “आबा म्हणतात हळू वाच.” ती हसली आणि नेहमीच्याच घाईनं वाचत सुटली.

महाशिवरात्र झाली आणि एक दिवस तिचा फोन आला नाही. म्हातारी माणसं दुपारपर्यंत बसून उठून गेली. रेंज नसेल, असं मी पोरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशीही आला नाही. आणि त्याच्या पुढच्या दिवशी मोजणारे साहेब पुन्हा आले.

त्या दिवशी, बघा, लाईट होती. टीव्ही चालू होता. साहेबांनी फोनवरची ‘शाळा’ ही अक्षरं वाचली, वायर बघितली, खिडकीतून भोंगा बघितला, लिंबाखालची माणसं बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या टॅबमध्ये लोकसहभागाला गुण होते, संस्थेच्या मदतीला गुण होते, शाळेच्या मालकीच्या साधनाला गुण होते. बोट भराभर चालत होतं. गुरुजी हात मागे बांधून उभे होते. नोकरीतला सगळ्यात चांगला शेरा मिळायची वेळ होती ती.

अकरा वाजून गेले. फोन मुका. माझं लक्ष ना टीव्हीवर, ना साहेबांवर. शेवटी मला राहवेना. मीच नंबर लावला.

फोन बापानं उचलला.

“बोला मॅडम.” भर दिवसा तो कोपीवर होता.

“ती कुठं आहे? तीन दिवस झाले.”

“मॅडम, आता फोन नका करत जाऊ. पाव्हने आल्यात. पोरीची सोयरीक जमाया लागली. आज सुपारी फुटंल.”

त्याचा आवाज वर्गात आला आणि त्याचबरोबर बाहेर भोंग्यातूनही. वायर जोडलेली आहे हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. कुणाच्या घरातली अब्रूची गोष्ट अशी आळीभर गेलेली बघून माझा हात वायर उपसायला गेला, तर त्यावर गुरुजींनी आपला हात ठेवला. “राहू द्या,” ते म्हणाले. जन्मभर सगळ्या गोष्टी झाकून ठेवणारा तो माणूस. टीव्हीला चादर शिवणारा.

मग मीही आवरलं नाही. “अहो, सातवीतली पोर आहे ती! लग्नाचं वय आहे का? गुन्हा आहे हा. मी पोलिसात जाईन, सांगून ठेवते.”

“जावा मॅडम,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. “पोलीस येतेत का कोपीवर राखन बसायला? आमी अंधारात फडात जातो. हितं ही अन् ते लेकरू. तेरवा कुनी तरी दारू पिऊन कोपीपशी आलतं. हिनं आतून दार धरून ठिवलं, आमी यीस्तवर. तीन दिस झाले, मी तिला एकलीला सोडून कामाला गेलो न्हाई. आसं किती दिस बसू? का लगीन करतो म्हनून इचारता? येता का तुमी राखन बसायला? सांगा की. येता का?”

ट्रकजवळ मी त्याला विचारलेला प्रश्न तो मला परत करत होता. भोंग्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. साहेबांनी टॅब बाकावर पालथा ठेवला.

बाहेर किटली दगडावर घासल्याचा आवाज झाला. आजोबा दारात आले. पायातल्या वहाणा काढल्या, वर्गात आले आणि माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. त्यांनी तो तोंडापासून हातभर लांब धरला आणि डोंगरावरून हाक मारावी तसे ओरडले.

“आरं, सुपारी फुटली का?”

तिकडून, “आबा?”

“फुटली का न्हाई तेवढं सांग.”

“न्हाई. दुपारी बसायचंय.”

“मंग कुनाला इचारून बसतो? पाव्हन्यांला सांग, पोरीचा आज्जा जिता हाय. तेचा सबुद झाल्याबिगर सुपारी फुटत नसती.”

ते खरंच होतं. आमच्याकडं घरातल्या वडीलधाऱ्यानं होकार दिल्याशिवाय सुपारी फुटत नाही, आणि फुटली तर ती सोयरीक कुणी मानत नाही. पाव्हणेही तिथून ते ऐकत असणार.

“आबा,” त्यांचा मुलगा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फुटला, “मी काय हौसंनं करतो का? राखनीचं काय करू?”

शेळ्या म्हाताऱ्याच्या मागोमाग दारापर्यंत आल्या होत्या, एक तर उंबऱ्यावर पाय ठेवून आत बघत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग वर्गातल्या पोरांकडे बघितलं, एकेकाकडे, हिशेब करत असल्यासारखं.

“म्या येतो,” ते म्हणाले.

“तुमी? अन् शेळ्या?”

“शेळ्यांचं बगतेत हितं.” त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं. “म्या बसतो कोपीच्या दारात. काठी हाय माज्यापशी. आता पोरीला फोन दे. तीन दिस वाचलं न्हाई तिनं.”

तिचा आवाज आला. “मॅडम, हजर.” मी कुठलं पान ते सांगितलं. ती वाचायला लागली. पहिल्यांदाच सावकाश. एकही शब्द गिळला नाही, प्रत्येक वाक्याचा शेवट नीट, पूर्ण. मी तिला इतके दिवस तेच सांगत आले होते, आणि त्या दिवशी ते ऐकताना मला वाटलं, नको गं बाई, वाच तुला हवं तसं. आजोबा उभ्यानं ऐकत होते. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि परत घालायचं विसरले.

साहेबांना मी तसं सोडलं नाही. त्यांना म्हटलं, तुमच्या टॅबात नसेल, पण तुमच्या ओळखीत असेल, कारखान्याच्या जिल्ह्यात बालविवाहाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याचा नंबर मिळवून द्या. त्यांनी तो मिळवला. लिंबाखाली फिरत स्वतःच्या मोबाईलवरून बराच वेळ बोलले, मुकादमालाही समज द्यायला सांगितलं. परत येऊन मोटारसायकलपाशी उभे राहिले.

“मॅडम, मागच्या वेळीही हेच चाललं होतं ना?”

“हेच. फक्त वायर नव्हती.”

त्यांनी मान खाली घातली. शाळा त्या दिवशी सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. प्रमाणपत्र पुढं आलं, गुरुजींनी ते खरंच भिंतीला लावलं, आणि मी काही बोलले नाही. पण त्या दिवसाची माझ्यापाशी राहिलेली गोष्ट वेगळी आहे. साहेबांच्या मोटारसायकलवर मागे आजोबा बसले, मांडीवर गाठोडं, हातात काठी उभी धरलेली, वडवणीच्या स्टँडवर जायला. मोजायला आलेला माणूस त्यांना सांभाळून, खड्डे चुकवत घेऊन चालला होता. शेळ्या काही अंतर त्यांच्या मागं पळाल्या. पोरांनी त्यांना वळवून आणलं.

शेळ्या वर्गानं वाटून घेतल्या. दुष्काळात दुसऱ्याची शेळी पोसणं म्हणजे काय ते शहरात कळायचं नाही. प्रत्येक घरात पाणी मापून होतं. पण पोरं आपल्या तांब्यातलं पाणी राखून आणायची, छावणीतून चाऱ्याच्या काड्या खिशात भरून आणायची. शेळ्या मात्र लगेच मलूल झाल्या. चाऱ्यासाठी नाही, त्यांना त्यांचा माणूस हवा होता. अकराच्या सुमाराला त्या आपोआप लिंबाखाली यायच्या आणि कडेच्या रिकाम्या किटलीभोवती उभ्या राहायच्या.

दोन दिवस प्रवासात गेले असतील. मग अकराला शाळेचा फोन वाजला. मी वायर जोडली. तिचं “हजर” यायच्या आधीच भोंग्यातून म्हातारा गरजला, सगळं गाव दणाणावं इतक्या जोरात.

“बाई! ऐकू येतंय का? म्या बसलोय हितं दारात!”

मागून तिचा हसरा आवाज, “आबा, हळू बोला ओ. जातंय तिकडं.”

बाहेर एकदम गलका झाला. मी खिडकीतून बघितलं. शेळ्या लिंबाखालून उठून दूध संस्थेच्या भिंतीला जाऊन भिडल्या होत्या. माना वर करून भोंग्याकडे बघत होत्या आणि सगळ्या मिळून ओरडत होत्या. एक तर भिंतीवर पुढचे पाय टेकून उभी होती. तिकडं म्हाताऱ्याला ते ऐकू गेलं असावं, कारण तो बोलता बोलता थांबला.

“खाल्लं का त्यांनी?” तो म्हणाला. या वेळी हळूच.

गुरुजींनी फोन घेतला आणि खाल्लं म्हणून सांगितलं. मी पोरांना म्हटलं, आधी त्यांना पाणी दाखवून या, मग धडा काढू.